धूळ कुणाची, काजळी कुणाची?

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या रहिमतपुरात गच्चीवर कपडे वाळत घालायची पंचाईत होते. सकाळी घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी काढायला जावं, तर त्यावर काळ्या बारीक काड्या पडलेल्या असतात. हाताने झटकल्या की चुरगळतात आणि कापडावर रेघ उमटते. कुठल्यातरी रानात तोड झाल्यावर पाचट पेटवलेलं असतं, एवढंच.

मागच्या वर्षी याच दिवसांत आठवीला प्रदूषणाचा पाठ शिकवत होते. फळ्यावर नेहमीचे तीन रकाने आखले: कारणे, परिणाम, उपाय. मुलांनी भराभर उत्तरं दिली. कारणांमध्ये वाहने, कारखाने. परिणामांमध्ये खोकला, दमा. उपायांमध्ये अर्थातच 'झाडे लावावीत'. सगळं बरोबर. परीक्षेला पैकीच्या पैकी मार्क. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, आमची आजी म्हणती, आधी घराघरात चूल होती. धूर आतापेक्षा जास्तच असायचा. मग आता प्रदूषण वाढलंय हे कुणी मोजलंय का?"

मी म्हणाले, "शास्त्रज्ञांनी मोजलंय." तो बसला. पण माझं मलाच ते उत्तर पटलं नाही. आज मोजायला यंत्रं आहेत. पण त्याच्या आजीच्या आजीच्या काळातली हवा कोण मोजणार? ती हवा तर केव्हाच निघून गेली.

दोन दिवसांनी दुसरा प्रसंग घडला. एक पालक शाळेत आले. रानातून थेट आले होते, गाडी बंद न करताच बोलायला लागले. "बाई, पोरीला काय शिकवलंय? घरी येऊन म्हणती, पप्पा पाचट पेटवू नका, गुन्हा आहे. पाचट काढायची मजुरी शाळा देणार हाय का?" मी त्यांना बसवलं, चहा दिला, समजूत घातली. पण खरं सांगायचं तर माझ्याकडे मुलाच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं आणि पालकांच्याही नव्हतं. मुलगा विचारत होता, पुरावा काय. वडील विचारत होते, दोष आमचाच कशावरून.

त्यानंतर सुट्टीभर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. त्यातून माझं एक मत झालं आहे, ते शिक्षकांपुढे आणि पालकांपुढे मांडते. आपण प्रदूषणाचा पाठ उलट्या बाजूने शिकवतो. उपाय आधी पाठ करून घेतो आणि पुरावा कधीच दाखवत नाही. पुरावा मात्र आहे, आणि तो बर्फात आहे.

उसाची कांडी आणि बर्फाची कांडी

उंच डोंगरावर, जिथे उन्हाळ्यातही बर्फ वितळत नाही, तिथे दरवर्षी पडलेलं हिम आदल्या वर्षीच्या हिमावर साचतं. वरच्या भाराने खालचं दबतं आणि त्याचा घट्ट बर्फ होतो. हिम पडताना हवेत जे काही असेल ते बरोबर घेऊन येतं: धूळ, मीठ, काजळी, धातूंचे सूक्ष्म कण, ज्वालामुखीतून आलेलं आम्ल. दबताना थोडी हवाही बुडबुड्यांच्या रूपाने आत अडकते.

यात उभी पोकळ नळी फिरवत खाली नेली की आतून बर्फाचा लांब दंडगोल निघतो. कलिंगडवाला फळाला भोक पाडून आतली खाप काढून दाखवतो, तसंच. याला आइस कोअर म्हणतात. वर्गात मी त्याला 'बर्फाची कांडी' म्हणते, कारण आमच्या मुलांना ऊस चांगला कळतो. उसाच्या पेरांवरून कुठल्या महिन्यात पाणी कमी पडलं ते जाणता शेतकरी सांगतो. आखूड पेर दिसलं की म्हणतो, "इथं पाळी चुकली." बर्फाच्या कांडीतही अशी पेरं असतात. हिमालयात पावसाळ्याआधीचे कोरडे महिने धुळीचे असतात आणि पावसाळ्यात हवा धुऊन निघते. त्यामुळे दरवर्षी एक धुळकट थर आणि एक स्वच्छ थर अशी जोडी तयार होते. थर मोजत खाली गेलं की वर्षं मोजली जातात.

मोजताना चूक झाली तर? त्यासाठी खुणा असतात. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्या झाल्या. त्यांचा किरणोत्सर्ग जगभरच्या बर्फात एका ठरावीक खोलीवर सापडतो. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याचं आम्ल ध्रुवांवरच्या बर्फात आहे. मैलाच्या दगडासारखा अशा खुणांचा उपयोग होतो.

हे सगळं लांबच्या देशांतलं वाटत असेल, तर एक जवळची गोष्ट सांगते. आपल्या रहिमतपूर स्टेशनावरून न थांबता जी गोवा एक्सप्रेस जाते, ती वास्कोला पोचते. त्याच वास्कोत राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. गोव्याच्या उकाड्यात तिथे उणे वीस अंशांच्या खोल्यांमध्ये अंटार्क्टिकातून आणलेल्या बर्फाच्या कांड्या ठेवलेल्या आहेत. याच संस्थेने २०१६ साली हिमाचल प्रदेशातल्या स्पीती भागात, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर 'हिमांश' नावाचं केंद्र सुरू केलं. तिथून हिमालयातल्या हिमनद्यांचा अभ्यास चालतो. मुलांना इस्रो माहीत असतं, पण या संस्थेचं नाव बऱ्याच शिक्षकांनीही ऐकलेलं नसतं. मीही ऐकलं नव्हतं.

बर्फात सापडलेला आपला दुष्काळ

तिबेटमध्ये, नेपाळच्या सीमेलगत शिशापांग्मा नावाचं आठ हजार मीटरहून उंच शिखर आहे. त्याच्या अंगावर दासुओपू ही हिमनदी आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाचे लॉनी थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी तिथे ७२०० मीटर उंचीवर गेले आणि त्यांनी बर्फाच्या कांड्या काढल्या. एकेक कांडी दीडशे मीटरच्या आसपास लांब. एवढ्या उंचीवर तोवर कुणी असं काम केलं नव्हतं.

तिथला बर्फ मोसमी पावसाची नोंद ठेवतो. पाऊस भरपूर झाला तर धूळ कमी. पाऊस रुसला तर जमीन उघडी पडते, वारा माती उचलतो, आटलेल्या पाण्याच्या जागचं मीठ उचलतो, आणि ते सगळं बर्फावर जाऊन बसतं. २००० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. गेल्या हजार वर्षांत त्या बर्फाने अनेक दुष्काळ पाहिले, पण १७९० ते १७९६ या काळातल्या दुष्काळाइतका तीव्र एकही नव्हता. त्या वर्षांच्या थरांत धूळ आणि मीठ दोन्ही वाढलेले आहेत.

ही सालं वाचली आणि मी थांबले. १७९१-९२ म्हणजे 'डोजी बारा'चा दुष्काळ. पुण्यात सवाई माधवराव पेशवे, कारभार नाना फडणवीसांचा, आणि आपल्याच भागातले परशुरामभाऊ पटवर्धन टिपूवरच्या मोहिमेत. त्या काळात हैदराबाद, दक्षिण मराठा मुलूख, कर्नाटक, गुजरात या पट्ट्यात माणसं इतकी मेली की पुरायलाही कुणी उरलं नाही. रानोमाळ पांढऱ्या कवट्या पडलेल्या, म्हणून त्याला कवटीचा दुष्काळ म्हणतात.

आपल्या रानातली माती उडून शिशापांग्मावर गेली असं मी म्हणत नाही. तो डोंगर इथून दीड हजार किलोमीटरहून लांब आहे. पण ज्या मोसमी वाऱ्याची आपण जूनमध्ये वाट बघतो, त्याच वाऱ्याने त्या वर्षांत दगा दिला, आणि त्याची नोंद एका बाजूला लोकांच्या आठवणीत राहिली, दुसऱ्या बाजूला बर्फात. १८७६-७७ चा दुष्काळही त्या कांडीत दिसतो. त्या दुष्काळाने साताऱ्याच्या पूर्व भागात, माण-खटावकडे काय केलं, ते जुन्या घरांतून अजून ऐकायला मिळतं. आणि ७२ चा दुष्काळ तर मुलांच्या आजी-आजोबांनी खडी फोडत, सुकडी आणि मिलो खात काढलेला आहे.

वर्गात मी हे सांगितलं तेव्हा चूल आणि धुराचा प्रश्न विचारणारा तो मुलगा म्हणाला, "म्हणजे बाई, धूळ पूर्वीपण होती." होय, होती. आणि ती कुणाच्या गुन्ह्याने आली नव्हती. पाऊस पडला नाही म्हणून आली.

त्याच कांडीत दुसरी नोंद

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. पण २०२० साली त्याच दासुओपूच्या बर्फाचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाओलो गॅब्रिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४९९ ते १९९२ या काळातल्या थरांमधले तेवीस धातू तपासले. १७८० च्या सुमारापासून कॅडमियम, क्रोमियम, निकेल, जस्त अशा धातूंचं प्रमाण नैसर्गिक पातळीच्या वर गेलेलं दिसलं. तो काळ कुठला? युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, वाफेच्या यंत्रांसाठी दगडी कोळसा जाळायला सुरुवात झाली तो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर त्या कोळशाच्या राखेचे कण हिमालयाच्या माथ्यापर्यंत पोचले, असं त्यांचं म्हणणं.

इथे आपल्या मुलांनी शिकावं असं काही आहे. या शास्त्रज्ञांनी लगेच हात झटकून "युरोपाने हिमालय विषारी केला" असं लिहिलं नाही. त्यांनी नोंदवलं की हे प्रमाण विषारी म्हणावं इतकं नव्हतं. बर्फात मानवी हस्तक्षेपाची खूण आहे, एवढंच ते म्हणाले. जस्ताचा काही भाग जंगलातल्या वणव्यांतूनही आलेला असू शकतो, हेही त्यांनी सांगितलं. आरोप करताना किती सांभाळून करायचा, याचा हा धडा आहे. मी त्या मुलीला "पाचट पेटवणं गुन्हा" एवढंच शिकवलं होतं. मी इतकी सांभाळून बोलले नव्हते.

आता काजळी. एव्हरेस्टच्या उत्तर बाजूच्या पूर्व रोंगबुक हिमनदीतून काढलेल्या कांडीत १८६० ते २००० या काळातली काजळी मोजली गेली. १९७५ नंतरच्या पंचवीस वर्षांत काजळीचं प्रमाण त्याआधीच्या काळाच्या सुमारे तिप्पट निघालं. वाढीचा काळ दक्षिण आशिया आणि मध्यपूर्वेतल्या धुराच्या वाढीशी जुळतो. म्हणजे इथे बोट आपल्याकडेही आहे. काजळी काळी असते, ऊन शोषते, आणि तिच्यामुळे बर्फ लवकर वितळतो. आपण काळी छत्री घेऊन उन्हात गेलो की ती कशी तापते, तसंच.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे. आजीच्या घरात चुलीचा धूर होता, त्यात शंकाच नाही, आणि तो तिच्या डोळ्यांनी आणि छातीने सोसला. पण दूरवरच्या एव्हरेस्टवर जाऊन बसणारी काजळी तिप्पट झाली ती नंतर. कुणी मोजलं? बर्फाने साठवलं आणि माणसांनी मोजलं.

एव्हरेस्टच्या त्याच कांडीत धुळीचं प्रमाण १८६० पासून वाढत गेलेलं दिसत नाही. दासुओपूच्या कांडीत मात्र विसाव्या शतकात धूळ चौपट झालेली दिसते. थॉम्प्सन यांनी तिचा संबंध भारत आणि नेपाळमधल्या वाढत्या मानवी हालचालींशी जोडला. एकाच हिमालयातल्या दोन डोंगरांची दोन उत्तरं. धूळ म्हणजे निसर्गाची आणि काजळी म्हणजे माणसाची, अशी सोपी वाटणी करता येत नाही. धूळही आपली असू शकते. प्रत्येक ठिकाणी बघावं लागतं. मुलांना विज्ञान शिकवायचं म्हणजे हे शिकवायचं, असं मला वाटतं. नुसतं "पूर्वी सगळं शुद्ध होतं, आता सगळं बिघडलं" हे विज्ञान नाही, आणि "पूर्वीपण होतंच की" हेही नाही.

ज्या उपायाचा पुरावा आहे

'उपाय' या रकान्यात आपण जे लिहून घेतो, त्यातला कुठला उपाय खरोखर लागू पडला, हे आपण मुलांना कधी सांगतो का? एक उपाय असा आहे की ज्याचा निकाल बर्फात लिहिलेला आहे. तो शिशाचा.

क्लेअर पॅटरसन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते. पृथ्वीचं वय सुमारे साडेचार अब्ज वर्षं आहे हे त्यांनी १९५० च्या दशकात शिशाचं मोजमाप करून काढलं. ते करताना त्यांना एकच अडचण सतत येत होती: जिकडेतिकडे शिसं. टेबलावर, कपड्यांवर, केसांत, हवेत. हे येतं कुठून? तेव्हा पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत असत, म्हणजे इंजिन ठोके देत नाही. पॅटरसन आणि त्यांचे सहकारी ग्रीनलंडच्या बर्फाकडे वळले. १९६९ साली त्यांनी दाखवून दिलं की इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराच्या बर्फाच्या तुलनेत १९६५ च्या हिमात शिसं दोनशे पटींहून जास्त आहे, आणि सगळ्यात मोठी चढ १९४० नंतरची आहे. तेव्हा उद्योगांकडून त्यांना बराच विरोध झाला. शिसं निसर्गातलंच आहे, पूर्वीपासून आहे, असा त्या बाजूचा युक्तिवाद होता. ओळखीचा वाटतो ना? मागच्या बाकावरच्या प्रश्नासारखाच तो आहे. फरक इतकाच की मुलगा खरोखर जाणून घ्यायला विचारत होता.

बर्फाने उत्तर दिलं. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत आणि पुढे इतर देशांत पेट्रोलमधलं शिसं कमी करत आणलं. १९९१ साली ग्रीनलंडचं ताजं हिम तपासलं, तर वीस वर्षांत शिसं सुमारे साडेसात पटींनी घटलेलं होतं. भारतात फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल मिळू लागलं. २०२१ साली अल्जीरिया हा शेवटचा देशही त्यातून बाहेर पडला. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. म्हणजे आज आपल्या वर्गात बसलेल्या मुलांच्या रक्तात जे शिसं कमी आहे, त्यात एका हट्टी माणसाने मोजलेल्या बर्फाचाही वाटा आहे.

हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. आठवीच्या मुलांना प्रदूषणाचा पाठ शिकवून झाला की त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा कंटाळा दिसतो. सगळं वाईट आहे, मोठी माणसं ऐकत नाहीत, आपण झाडं लावायची. शिशाची गोष्ट सांगितली की ती सावरून बसतात. काहीतरी चुकलं होतं, कुणीतरी मोजलं, भांडण झालं, बदल झाला, आणि बदल झाला हेही मोजून कळलं.

आमच्या गच्चीवरच्या काचपट्ट्या

आपल्याकडे बर्फ नाही. पण काचपट्ट्या आहेत. नोव्हेंबरपासून आम्ही आठवीतल्या मुलांकडून एक साधं काम करून घेतलं. काचपट्टीवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यायचा. दर सोमवारी सकाळी तीन ठिकाणी ठेवायची: शाळेची गच्ची, रस्त्याकडची खिडकी, मैदानाकडचं कुंपण. मंगळवारी त्याच वेळी उचलायची. खाली आलेख कागदाचा तुकडा ठेवून प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि एका चौकोनातले कण मोजायचे. वहीत तारीख, वारा कुठून होता, पाऊस झाला का, आसपास काय चाललं होतं ते लिहायचं. धुळीचे कण तांबूस आणि टोकदार दिसतात. जळलेल्या पाचटाचे तुकडे काळे, चपटे, लांबट असतात, बोटाने दाबले की चुरा होतो. मुलं दोन आठवड्यांत ओळखायला शिकली.

याला मर्यादा आहेत, त्या मुलांना आधीच सांगितल्या. फुप्फुसात खोल जाणारे अडीच मायक्रॉनचे कण आपल्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला नीट दिसत नाहीत. माणसाचा केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. तेव्हा आपण मोजतोय ती हवेची एक बाजू, पूर्ण हवा नाही.

निकाल काय आला? मला वाटलं होतं, काळे कण सगळ्यात जास्त निघणार आणि मी त्या पालकांना बोलावून दाखवणार. तोडणीच्या महिन्यांत गच्चीवरच्या पट्टीवर काळे तुकडे भरपूर आलेच. पण मैदानाकडच्या पट्टीवर जवळजवळ प्रत्येक आठवड्यात तांबडी धूळ सगळ्यांवर मात करत होती. ती येत होती आमच्याच मैदानातून. परिपाठाला, खेळाच्या तासाला, सुट्टीत शेकडो पाय तिथली माती उडवत होते, आणि लगतच्याच खिडकीत पाचवीचा वर्ग बसत होता. इतकी वर्षं मी मुलांना पाचटाबद्दल सांगत होते आणि मैदानावर पाणी मारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या पालकांना मी बोलावलंच. सूक्ष्मदर्शकातून त्यांनी दोन्ही पट्ट्या बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग म्हणाले, "हे काळं आमचं, कबूल. पण हे तांबडं तुमचं हाय की, बाई." मी म्हणाले, "तेही कबूल." मुलगी शेजारी उभी राहून हसत होती.

त्यानंतर आमचं बोलणं पहिल्यांदा नीट झालं. त्यांनी सांगितलं की पाचट ठेवलं तर खोडव्याला पाणी द्यायला अडचण होते, उंदीर वाढतात, कुट्टी करायचं यंत्र वेळेवर भाड्याने मिळत नाही आणि मजूर तर नाहीच. मी सांगितलं की पाचट जाळलं की त्यातलं सेंद्रिय खत आणि ओलावा टिकवणारं आच्छादन दोन्ही जातं, हे आपल्याच जिल्ह्यातल्या पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आणि कृषी खातं कितीतरी वर्षं सांगत आहे. ते म्हणाले, सांगणं सोपं आहे. तेही खरंच आहे. या हंगामात त्यांनी अर्ध्या रानात पाचट सरीत दाबलं आणि अर्ध्या रानात पेटवलं. आम्ही मैदानावर आठवड्यातून तीनदा पाणी मारतो आणि कुंपणाला शेवरी लावली आहे. झाडे लावावीत हा उपाय शेवटी आलाच. पण आता मुलांना माहीत आहे की कुठे लावायची आणि कशासाठी, आणि उपयोग झाला की नाही हे पुढच्या वर्षीच्या पट्ट्या सांगतील.

नोंद राहिली पाहिजे

एक शेवटची गोष्ट. मानसरोवराच्या दक्षिणेला गुर्ला मांधाता हा डोंगर आहे. तिथल्या नैमोनान्यी हिमनदीतून थॉम्प्सन यांच्या गटाने २००६ साली कांड्या काढल्या. अणुचाचण्यांचा जो थर जगात सगळीकडे सापडतो, तो तिथे सापडला नाही. चुकीच्या जागी खोदलं म्हणून नव्हे. वरची कितीतरी वर्षं वितळून गेली होती. १९५० नंतरचं बर्फच तिथे शिल्लक नव्हतं. ग्रामपंचायतीच्या दप्तरातली अलीकडची पानं वाळवीने खावीत आणि फक्त जुनी उरावीत, तसं. ज्या काळात माणसाने सर्वात जास्त धूर केला, नेमका त्याच काळाचा पुरावा तिथे गेलेला आहे.

म्हणून आमच्या काचपट्ट्या आम्ही धुतल्या नाहीत. वर दुसरी पट्टी चिकटवून, तारीख लिहून, खोक्यात घालून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत. दहा वर्षांनी आठवीला येणारा एखादा मुलगा विचारेल, "पूर्वी किती होतं, कुणी मोजलंय का?" तेव्हा त्याच्या बाईंना माझ्यासारखं अडखळावं लागू नये.

शिक्षक मित्र-मैत्रिणींना विनंती आहे की नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारपासून तुम्हीही हे सुरू करा. खर्च व्हॅसलिनच्या एका डबीचा. कोरेगाव, कराड, वाळवा, तासगाव इथल्या दहा शाळांनी एकाच पद्धतीने पट्ट्या ठेवल्या तर कुठे पाचट, कुठे वीटभट्टी, कुठे रस्ता आणि कुठे शाळेचंच मैदान, हे मुलं स्वतः सांगू शकतील. आणि पालकांना एकच सांगणं: मुलगी घरी येऊन तुम्हाला काही बोलली तर तिच्यावर रागावण्याआधी तिची वही मागा. वहीत आकडे असतील तर तिचं ऐका. नसतील तर तिला आणि तिच्या बाईंना, दोघींनाही, पुरावा विचारा.